आय20 एन लाइन: जुनी बिनक्लचची की नवी क्लचवाली? सोलापूरच्या रस्त्यांवरून केलेली तुलना

माझ्या गाडीला क्लचचं पेडल नाही, तरी गिअर मीच टाकतो. 2021 च्या दिवाळीत घेतलेली ह्युंदाईची आय20 एन लाइन, बिनपेडलच्या आयएमटी गिअरबॉक्सची, एमएच 13 पासिंग. सप्टेंबर 2023 मध्ये याच गाडीचं नवं रूप बाजारात आलं, आणि रविवारी सकाळी पुणे रोडला चहाला जमणाऱ्या आमच्या गाडीवेड्या मंडळींत जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. एक जण म्हणतो नुसतं तोंड बदललंय. दुसरा म्हणतो आत्ता कुठं ती खरी गाडी झाली. मी दोन्ही पुष्कळ चालवल्यात आणि मला दोघांचंही पटतं.

हे लिहायला बसलो ते भाच्यामुळे. तो जुळे सोलापुरात राहतो, नोकरीला लागून तीन वर्षं झाली, आणि गेला महिनाभर त्याचा एकच प्रश्न चाललाय: "मामा, तुझ्यासारखी जुनी घेऊ, नवी घेऊ, का ती टाटाची अल्ट्रोझ रेसर बघू? पुण्याला एक मिळायलीय." ऑन-रोड अकरा लाखांपर्यंत त्याची तयारी आहे. घरात गाडी एकच असणार, म्हणजे ती ताईही (त्याची आई) चालवणार आणि दर गुरुवारी अक्कलकोटलाही जाणार. असेच प्रश्न आणखी दोघांनी विचारले, म्हणून सगळं एकदाच मांडतो.

इंजिन तेच, आणि त्यावरून झालेली कुरकुर

नवी आली तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा आकडे पाहिले आणि तोंड वाकडं केलं. 998 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, 120 पीएस ताकद, 172 न्यूटन-मीटर जोर (टॉर्क). 2021 मध्येही हेच होतं. एका पीएसचीही वाढ नाही. युरोपात याच नावाची जी खरी आय20 एन विकली गेली तिला 1.6 लिटरचं टर्बो इंजिन होतं, 204 पीएस आणि 275 न्यूटन-मीटरचं. ती इकडे आली नाही. 'लाइन' हा शब्द मागे लागला की ताकद निम्मी होते, हे दुखणं गाडीवेड्यांच्या मनात कायम आहे.

मलाही ती गाडी हवी होती. पण ती का आली नाही हे कळण्यासारखं आहे. आपल्याकडे चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीच्या आतली पेट्रोल गाडी छोटी गाडी म्हणून कमी करात बसते. 22 सप्टेंबर 2025 पासून तो कर 18 टक्के झाला, त्याआधी सेससकट 29 होता. इंजिन 1.6 लिटरचं केलं की आज थेट 40 टक्क्यांच्या खान्यात जावं लागतं. एन लाइन 3995 मिलिमीटर लांब आहे आणि इंजिन 998 सीसीचं आहे, हे मापून मुद्दाम केलेलं काम आहे. म्हणून ताकद वाढली नाही याचा राग धरून नवी नाकारू नका. प्रश्न एवढाच, की ती 120 पीएस तुमच्या हातात कशी पोचते. बदल तिथेच झालाय.

तसं पाहिलं तर या इंजिनाची खरी मजा 120 पीएसमध्ये नाहीच. 172 न्यूटन-मीटरचा जोर 1500 आरपीएमपासून 4000 पर्यंत सलग मिळतो, मजा त्यात आहे. सोलापूरकराला हे बार्शी रस्त्यावर कळतं. नोव्हेंबर ते मार्च, कारखाने सुरू असताना, वैरागच्या अलीकडे उसाच्या डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पुढे असतो, मागे लाल दिवा असेल-नसेल, समोरून एसटी येत असते आणि मध्ये जेमतेम जागा मिळते. साध्या 1.2 लिटरच्या आय20 ला 115 न्यूटन-मीटर आहे आणि तेही 4200 आरपीएमला. तिथे दोन गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं. एन लाइन चौथ्या गिअरमध्ये साठवरून पाय दाबला की बुंगाट निघते. वेगापेक्षा मला हे सुरक्षिततेचं वाटतं, कारण समोरच्या बाजूला तुम्ही कमी सेकंद राहता.

दिसण्याबद्दल थोडक्यात. पुढची जाळी, बंपर, हेडलाइट आणि 16 इंची अलॉय नवे आहेत, आत काळा रंग आणि लाल शिलाई तशीच आहे. मला जुनीचं तोंड जास्त आवडतं, भाच्याला नवीचं. यावर पैसे किंवा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

तिसरं पेडल

आता मुद्द्याचं. जुनी एन लाइन दोन गिअरबॉक्समध्ये मिळायची: सहा गिअरची आयएमटी आणि सात गिअरची डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. सरळ मॅन्युअल नव्हतीच. 2023 च्या बदलात आयएमटी गेली आणि तिच्या जागी क्लचसकट सहा गिअरची मॅन्युअल आली. गाडीवेड्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या त्या यालाच.

आयएमटी चालते कशी, हे सेकंडहँड घेणाऱ्याने समजून घ्यायला हवं. गिअरच्या दांड्यात एक सेन्सर बसवलेला असतो. तुम्ही दांडा हलवायला लागलात की त्याला तुमचा इरादा कळतो, तो कंट्रोल युनिटला सांगतो, आणि हायड्रॉलिक यंत्रणा तुमच्याऐवजी क्लच दाबते. गिअर बसला की तीच सोडते. हा प्रकार 2020 मध्ये पहिल्यांदा ह्युंदाईच्याच व्हेन्यूत आला. नवी पेठेत दिवाळीच्या आठवड्यात, किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पार्क चौकातून गाडी काढताना, डाव्या पायाला जो आराम मिळतो तो मी चार वर्षं घेतलाय. गाडी बंद पडत नाही, गुडघा दुखत नाही. माझ्या बायकोला क्लच कधी जमला नव्हता, ती या गाडीवर आठवड्यात तयार झाली.

मग उणीव कुठे आहे? मला ती दोन ठिकाणी जाणवते. एक, क्लच सोडायची गती मशीन ठरवतं. तुळजापूरला जाताना घाट चढायला लागल्यावर वळणाआधी चौथ्यावरून तिसरा टाकला की हाताचं काम झालेलं असतं, पण गाडी क्षणभर थांबून मगच जोर देते. तो क्षण बारीक आहे, पण ज्याला गिअर टाकण्यातच आनंद आहे त्याला तो प्रत्येक वेळी टोचतो. दोन, चढावर रिव्हर्स पार्किंग. तिथे अर्ध्या क्लचवर गाडी इंचाइंचाने सरकवायची असते, आणि तो अर्धा क्लच तुमच्या पायात नसतो. आमच्या गल्लीत उतारावर गाडी लावायची आहे, त्यामुळे हे मी रोज अनुभवतो.

नव्या मॅन्युअलमध्ये बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत डावा पाय आपोआप जागेवर गेला. क्लच हलका आहे, गिअरचा दांडा आखूड फेकीत बसतो. त्याच घाटात, त्याच वळणावर तिसरा टाकताना क्लच सोडता सोडता थोडा एक्सलरेटर दिला आणि गाडी एका दमात ओढत गेली. इंजिन तेच, टायर त्याच मापाचे, पण गाडी जास्त माझी वाटली. मी हे चार वर्षांच्या आयएमटीच्या प्रेमानंतर लिहितोय. चालवण्याच्या हौसेसाठी गाडी घेणार असाल तर नवी मॅन्युअल घ्या. या बाबतीत माझ्या मनात शंका नाही.

भाच्याच्या घरी मात्र ताईही चालवणार आहे. तिने मॅन्युअल अल्टोवर दहा वर्षं काढलीत, त्यामुळे तिला अडचण नाही. घरात कुणाला क्लच नकोच असेल तर निर्णय वेगळा होईल, आणि तिथे डीसीटीचा विचार करावा.

डीसीटी जुनीतही आहे, नवीतही. 2021 मध्ये कंपनीने तिचा शून्य ते शंभरचा वेळ 9.9 सेकंद सांगितला होता. पुणे रोडला, मोहोळ ते टेंभुर्णी मोकळ्या चौपदरीवर, ती तिघींत सगळ्यात सुखाची आहे. स्टिअरिंगमागच्या पॅडलवर गिअर बदलता येतात. पण हे कोरडे क्लच आहेत, तेलात बुडालेले नाहीत. मे महिन्यात पारा 43 वर असताना गर्दीत ब्रेक सोडत-धरत फूट-फूट सरकवत राहिलात तर क्लच घासून तापतात. उपाय साधा आहे: पुढच्या गाडीला थोडं अंतर पडू द्या आणि मग एकदम सरका. आठवड्याला पुण्याला जाणाऱ्याने डीसीटी घ्यावी. दिवसभर लक्ष्मी मार्केट, कन्ना चौक, अशोक चौक अशी फेरी असणाऱ्याने दोनदा विचार करावा.

ताठ सस्पेन्शन आणि आपले रस्ते

एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय20 पेक्षा ताठ आहे, जुनीतही आणि नवीतही. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, स्टिअरिंग वजनदार केलंय. मंगळवेढ्याच्या चौपदरी रस्त्यावर गाडी जमिनीला धरून चालते, वळणावर अंग टाकत नाही. यासाठीच तर आपण ही गाडी घेतो.

पण विजापूर रोडवरून आत जुळे सोलापूरच्या गल्ल्यांत शिरलं की तेच सस्पेन्शन पाठीला कळतं. पाइपलाइनसाठी खोदून वरवर बुजवलेले चर, घरासमोर लोकांनी स्वतः घातलेले उंच गतिरोधक. टायर 195/55 आर16 आहेत, म्हणजे रबराची बाजू साधारण 107 मिलिमीटर उंच. 14 इंची चाकांच्या स्विफ्टला तीच बाजू 130 च्या वर असते. फरक एका इंचाचा, पण खड्ड्याच्या कडेवर तोच इंच टायर वाचवतो. माझ्या एका टायरची बाजू पहिल्याच पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात फाटली. तेव्हापासून मी पाणी साचलेलं दिसलं की गाडी चालत्या माणसाच्या वेगाला आणतो, आणि हवा दर पंधरा दिवसांनी तपासतो. मागे वयस्कर माणसं रोज बसणार असतील तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना सोबत न्याच. शोरूमचा माणूस तुम्हाला होटगी रोडच्या गुळगुळीत पट्ट्यावर नेईल. तुम्ही गाडी स्वतःच्या गल्लीत न्या.

अल्ट्रोझ रेसर

हिची बाजू भाच्याने मांडली आणि मी ऐकत गेलो, कारण ती कमी नाही. जून 2024 मध्ये आली, एक्स-शोरूम 9.49 ते 10.99 लाखांत. 1.2 लिटर टर्बो, 120 पीएस, 170 न्यूटन-मीटर, सहा गिअरची मॅन्युअल आणि दुसरा पर्यायच नाही. मे 2025 मध्ये नवी अल्ट्रोझ आली आणि त्या यादीत रेसर नव्हती. फार काळ टिकली नाही. म्हणून आता ती सेकंडहँडच मिळते, आणि ज्या मिळतात त्या फार वापरलेल्या नसतात.

कागदावर ती एन लाइनच्या बरोबरीची आहे. प्रत्यक्षात तिचं इंजिन वेगळ्या स्वभावाचं आहे. खालून मध्यापर्यंत दमदार ओढते, पण वर फिरवायला गेलं की एन लाइनइतकी उत्सुक नाही. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. गिअर टाकताना दांड्याचा प्रवास लांब वाटतो. पळवण्याच्या आनंदात मी तिला दुसरा नंबर देतो.

राहण्याच्या सुखात मात्र ती पुढे आहे, आणि इथे सोलापूरचं ऊन मध्ये येतं. वरच्या व्हेरिएंटला पुढच्या सीटमधून वारा येतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोन वाजता उन्हात उभी केलेली काळ्या आतल्या भागाची गाडी उघडून पाहा. एन लाइनमध्ये एसी गार करेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. रेसरमध्ये पाच मिनिटांत पाठ कोरडी. ज्याला फिरतीची नोकरी आहे, चिंचोळी एमआयडीसी ते अक्कलकोट रोड एमआयडीसी अशी दिवसाला चार वेळा गाडी उघडायची आहे, त्याला मी एवढ्या एका गोष्टीसाठी रेसर सुचवेन. शिवाय 360 अंशांचा कॅमेरा, 345 लिटरची डिकी (एन लाइनची 311), खड्ड्यांवर थोडी मऊ चाल. मागचं दार जवळजवळ काटकोनात उघडतं, त्यामुळे आजीला बसवणं सोपं जातं.

सुरक्षिततेचंही सांगायला हवं. गाड्या आदळून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या 2020 च्या चाचणीत अल्ट्रोझला पाच तारे मिळाले. आय20 ची 2022 मध्ये चाचणी झाली ती दोन एअरबॅगच्या साध्या मॉडेलची, आणि तिला तीन तारे मिळाले. 2023 च्या बदलात एन लाइनला सहा एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा आणि पाचही सीटला तीन-टोकी बेल्ट सगळ्या व्हेरिएंटमध्ये आले. जुनी घेत असाल तर एअरबॅग किती आहेत हे व्हेरिएंट पाहून मोजून घ्या. माझ्या लेखी नवीच्या बाजूने क्लचनंतरचं हे दुसरं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि वादात ते कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

रेसर बंद झाली म्हणून सुट्या भागांची फार धास्ती नको. इंजिन टाटाच्याच नेक्सॉनच्या घराण्यातलं आहे, ती रस्त्यावर भरपूर आहे.

पैसे आणि कागद

2021 मध्ये एन लाइन 9.84 ते 11.75 लाखांना आली होती, 2023 ची 9.99 ते 12.47 लाखांना, दोन्ही एक्स-शोरूम. जीएसटी उतरल्यावर वरच्या व्हेरिएंटमध्ये लाखभराचा फरक पडला, आणि खालच्या एन6 व्हेरिएंटची मॅन्युअल दहा लाखांच्या बरीच आत आली. हे महत्त्वाचं आहे, कारण महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के रोड टॅक्स आहे आणि त्यावर वीस लाखांपर्यंत 12. म्हणजे एन6 मॅन्युअलला सुटलेला पैसा दोनदा सुटतो.

नवी स्वस्त झाल्याचा दुसरा परिणाम असा, की जुनीचे सांगितले जाणारे भाव आता जास्त वाटायला लागलेत. माझा हिशोब असा आहे: आयएमटी नवीच्या ऑन-रोड किमतीपेक्षा निदान साडेतीन लाखांनी कमी पडत असेल तरच घ्या. तेवढा फरक असेल तर ती फार चांगली गाडी आहे, मी स्वतः चार वर्षं खूश आहे. दोन लाखांचाच फरक असेल तर नवीकडे वळा, वॉरंटीही पूर्ण मिळेल.

आपण सीमेवरचे लोक. विजापूरची केए 28 किंवा हैदराबादची गाडी पन्नास हजारांनी स्वस्त दिसते आणि मन हलतं. त्या राज्याच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स नव्याने, मग तिथल्या टॅक्सच्या परताव्यासाठी अर्ज आणि फेऱ्या. पुणे किंवा पिंपरीची गाडी असेल तर टॅक्स पुन्हा नाही, नावावर करून घ्यायची एवढंच. परराज्यातली गाडी हा सगळा खर्च धरूनही स्वस्त पडत असेल तरच बघा.

पेट्रोलचंही पाहा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. एप्रिल 2023 च्या आधी बनलेली गाडी घेत असाल तर टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर आणि मॅन्युअल उघडून ती कोणत्या इंधनासाठी आहे ते वाचा. टाकी 37 लिटरची आहे. माझ्या हातात गाडी हायवेला 16 च्या आसपास अ‍ॅव्हरेज देते आणि शहरात 11-12. कागदावरचे 20 विसरा. टर्बो दाबली की पितेच.

सेकंडहँड आयएमटी पाहायला गेलात तर गाडी थंड असताना स्वतः चालू करा. आधी तापवून ठेवलेली दाखवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पहिला, दुसरा, रिव्हर्स असे पाच-सहा वेळा टाकून झटका येतो का बघा. चारही टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवा, ताठ सस्पेन्शनमध्ये खड्ड्यांचा इतिहास तिथे लिहिलेला असतो. सर्व्हिसची नोंद नसेल तर परत फिरा. टर्बो इंजिनला वेळेवर बदललेलं तेल हाच जीव आहे, आणि मागच्या मालकाने ते बदललं की नाही हे नोंदीशिवाय कळत नाही.

परवा भाच्याला आणि ताईला घेऊन तिन्ही गाड्या एकाच दिवशी पाहिल्या. सकाळी शोरूमची नवी मॅन्युअल, माझी आयएमटी आमच्यासोबत होतीच, आणि दुपारी पुण्याहून आणलेली रेसर. रेसरमध्ये बसल्यावर ताई म्हणाली, "हीच घे की, पाठीला गार लागतंय." भाचा काही बोलला नाही. संध्याकाळी तुळजापूरहून परतताना त्याने माझी गाडी चालवायला घेतली, घाट उतरताना दोनदा डावा पाय रिकाम्या जागी दाबला, आणि सोलापूर येईपर्यंत गप्प होता. घरी उतरल्यावर म्हणाला, "एन6 मॅन्युअल." ताईसाठी सीटवर टाकायचं पंख्याचं कव्हर आणायचं ठरलंय. रंगावरून मात्र मायलेकांत अजून मिटलेलं नाही, तिला पांढरी हवी आहे कारण उन्हात कमी तापते.